व्ही-टू-एक्स सुरक्षा शिकायची आहे? लॅपटॉपवरून सुरुवात करा

तुमच्या पुढे ट्रक आहे आणि ट्रकच्याही पुढच्या गाडीने अचानक करकचून ब्रेक दाबला. ट्रक आड असल्यामुळे तुम्हाला काही दिसत नाही, गाडीच्या कॅमेऱ्यालाही नाही. ती गाडी मात्र सेकंदाला दहा वेळा रेडिओवरून आपली जागा, वेग आणि ब्रेकची स्थिती सांगत असते. तो संदेश ट्रक ओलांडून तुमच्या गाडीला मिळतो आणि डॅशबोर्डवर इशारा उमटतो. गाडी-ते-गाडी संवादाचा, म्हणजे व्ही-टू-व्हीचा, हा सगळ्यात सरळ उपयोग. यात सिग्नल, रस्त्याकडेचे खांब, पादचारीही जोडले की त्याला व्ही-टू-एक्स म्हणतात.

आता हाच संदेश कोणी खोटा पाठवला तर? मोकळ्या हायवेवर एखादी गाडी विनाकारण ब्रेक दाबेल आणि मागचा तिच्यावर आदळेल. म्हणून या क्षेत्रातली सुरक्षा डेटा चोरीपेक्षा वेगळ्या नजरेने शिकावी लागते. हा लेख त्यासाठीच. संगणक, इलेक्ट्रॉनिक्स किंवा ऑटोमोबाइल शिकणाऱ्या, थोडंफार पायथन येणाऱ्या कोणालाही यातलं सगळं घरी करता येईल. गाडी लागत नाही, महागडं किटही लागत नाही.

पायरी १: आपण कोणत्या संवादाबद्दल बोलतोय ते आधी ठरवा

'कनेक्टेड कार हॅक' म्हटलं की बहुतेकांना २०१५ सालची जीप चेरोकी आठवते. चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोघांनी मोबाइल नेटवर्कवरून गाडीच्या इन्फोटेनमेंट यंत्रणेत शिरून तिचं इंजिन आणि ब्रेक लांबून हाताळून दाखवले. त्यानंतर फियाट क्रायस्लरने सुमारे १४ लाख गाड्या रिकॉलमध्ये घेतल्या. प्रकरण अभ्यासण्यासारखंच आहे, पण ते व्ही-टू-व्हीचं नव्हे. तिथे हल्लेखोर गाडीच्या आत शिरला होता. व्ही-टू-व्हीमध्ये आत शिरायची गरजच पडत नाही. गाडी अनोळखी माणसांचे संदेश ऐकायलाच बसलेली असते. त्यामुळे 'आत कोण येऊ शकतं' याच्या जोडीला 'बाहेरून जे ऐकू येतंय त्यावर किती विश्वास ठेवायचा' हा प्रश्न येतो, आणि मला या विषयात तोच महत्त्वाचा वाटतो.

रेडिओबद्दल सुरुवातीला इतकं पुरे: ही बोलणी मुख्यतः ५.९ गिगाहर्ट्झ पट्ट्यात होतात. एक घराणं वाय-फायमधून निघालेलं, ८०२.११पी, युरोपात त्यालाच आयटीएस-जी५ म्हणतात. फोक्सवॅगनने २०१९ मध्ये आणलेल्या आठव्या पिढीच्या गोल्फमध्ये हेच आहे. दुसरं घराणं मोबाइलच्या मानकांमधून आलेलं, सी-व्ही-टू-एक्स. त्यात टॉवरशिवायही गाड्या एकमेकींशी थेट बोलू शकतात. या दोन घराण्यांचे रेडिओ एकमेकांचं बोलणं समजू शकत नाहीत. अमेरिकेने १९९९ मध्ये या कामासाठी ७५ मेगाहर्ट्झ राखून ठेवले होते. २०२० मध्ये त्यातले ४५ वाय-फायकडे गेले आणि उरलेले ३० सी-व्ही-टू-एक्सला मिळाले. शिकणाऱ्याच्या सोयीची गोष्ट अशी की सुरक्षेचा थर दोन्हीकडे जवळपास सारखाच आहे, तेव्हा रेडिओच्या वादात अडकून पडू नका.

पायरी २: एक संदेश हातात घेऊन पाहा

अमेरिकी पद्धतीत गाडीच्या या नेहमीच्या संदेशाला बेसिक सेफ्टी मेसेज म्हणतात. त्याचा साचा एसएई जे२७३५ या मानकात आहे. युरोपात जवळपास हेच काम कॅम नावाचा संदेश करतो, आणि अपघात, बंद रस्ता अशा प्रसंगांसाठी डेन्म हा वेगळा संदेश असतो.

बेसिक सेफ्टी मेसेजमधली प्रत्येक जागा वहीत हाताने लिहून काढा. चार बाइटचा तात्पुरता ओळख क्रमांक. ० ते १२७ फिरणारा मोजणी अंक. अक्षांश-रेखांश, अंशाच्या एक कोटीव्या भागापर्यंत. वेग ०.०२ मीटर प्रति सेकंदाच्या एककात, म्हणजे ताशी ६० किलोमीटरने चाललेली गाडी '८३३' हा आकडा पाठवते. दिशा ०.०१२५ अंशाच्या एककात. आणि वेळ.

या वेळेपाशी जरा थांबा. संदेशाच्या मुख्य भागातली वेळ म्हणजे चालू मिनिटातला मिलिसेकंद. कितवं मिनिट, कितवा तास, यातलं काहीच त्यात नसतं. समजा, कोणी दहा वाजून पाच मिनिटांनी एक खरा संदेश टिपून ठेवला आणि बरोबर एका मिनिटाने पुन्हा हवेत सोडला, तर फक्त ही जागा पाहणाऱ्या गाडीला तो ताजाच वाटेल. यालाच रिप्ले हल्ला म्हणतात. म्हणून बाहेरच्या सुरक्षा वेष्टनात पूर्ण वेळ घालतात, १ जानेवारी २००४ पासूनच्या मायक्रोसेकंदांत, आणि सही त्या वेळेसकट होते. मजकुरातली वेळ आणि वेष्टनातली वेळ दोन्ही का लागतात, हे उमगलं की बाकीचं मानक वाचताना अडखळायला होत नाही.

नव्या माणसाचा इथे एक हमखास गैरसमज होतो. संदेश एन्क्रिप्ट केलेला असेल असं त्याला वाटतं. तसा तो नसतो, आणि नसावाच. ब्रेकची बातमी आसपासच्या प्रत्येक अनोळखी गाडीला वाचता आली पाहिजे. इथे हवी ती सही: हा मजकूर अधिकृत यंत्राकडून आला आणि वाटेत बदलला नाही, याची खात्री.

पायरी ३: स्वतः सही करा, स्वतः तपासा

आयईईई १६०९.२ हे इथलं मुख्य मानक. युरोपचं सुरक्षा मानकही त्याच्यावरच बेतलेलं आहे. त्यातली नेहमीची सही ईसीडीएसए प्रकारची, पी-२५६ या वक्रावर आणि एसएचए-२५६ हॅश, म्हणजे मजकुराचा छोटा ठसा, घेऊन केलेली.

पायथनच्या क्रिप्टोग्राफी लायब्ररीत किंवा ओपनएसएसएलमध्ये पी-२५६ ची किल्ल्यांची जोडी तयार करा. मघाचा संदेश एका फाईलमध्ये ठेवा, खासगी किल्लीने सही करा, सार्वजनिक किल्लीने तपासा. मग फाईलमधला वेग ८३३ वरून ८३४ करा आणि पुन्हा तपासा. तपासणी नापास झाली पाहिजे. सहीची लांबी मोजलीत तर साधारण ७० ते ७२ बाइट दिसेल, आणि पुस्तकात मात्र ६४ लिहिलेलं असेल. यात तुमचं काही चुकलेलं नाही. ओपनएसएसएल सहीचे दोन आकडे डीईआर नावाच्या वेष्टनात गुंडाळून देतं. गाडीच्या संदेशात तेच दोन आकडे ३२-३२ बाइटचे सलग जातात.

आता वेग मोजा. ओपनएसएसएलमध्ये त्याची तयार सोय आहे. तुमचा लॅपटॉप सेकंदाला हजारो सह्या तपासेल. गाडीतल्या छोट्या चिपला मात्र घाम फुटतो: आजूबाजूला १०० गाड्या आणि प्रत्येकीचे सेकंदाला १० संदेश, म्हणजे सेकंदाला १००० तपासण्या, त्याही इशारा वेळेत देता येईल इतक्या झटपट. म्हणून तिथे सह्यांसाठी वेगळा हार्डवेअर भाग बसवतात, आणि खासगी किल्ली ज्यातून बाहेर काढता येऊ नये अशा सुरक्षित चिपमध्ये ठेवतात. जागाही वाचवावी लागते. सही तपासायला लागणारी सार्वजनिक किल्ली अधिकृत असल्याचा दाखला म्हणजे सर्टिफिकेट. प्रत्येक संदेशासोबत ते पूर्ण न पाठवता ठरावीक अंतराने पाठवतात, मधल्या संदेशांत त्याचा फक्त ८ बाइटचा हॅश जातो. मग प्रश्न पडतो: नुकतीच आवाक्यात आलेली गाडी, जिने पूर्ण सर्टिफिकेट अजून पाहिलेलंच नाही, तिने त्या मधल्या संदेशाचं काय करायचं? उत्तर मानकात शोधण्याआधी स्वतः विचार करून पाहा.

पायरी ४: गाडीची ओळख आणि माणसाचा खासगीपणा

गाडी एकच सर्टिफिकेट वर्षभर वापरू लागली, तर रस्त्याकडेला चार रेडिओ लावणाऱ्या कोणालाही कळेल की ही गाडी रोज सकाळी कुठून निघते, कोणत्या दवाखान्यापाशी थांबते आणि रात्री कुठे उभी असते. हा धोका खऱ्या माणसांना आहे, आणि म्हणूनच या भागावर मी विद्यार्थ्यांना जास्त वेळ घालवायला सांगतो.

अमेरिकेत त्यावर एससीएमएस नावाची व्यवस्था आखली गेली. त्यात गाडीला दर आठवड्यासाठी २० टोपणनावी सर्टिफिकेटं मिळतात आणि गाडी ती आलटून पालटून वापरते. टोपणनाव बदललं की तात्पुरता ओळख क्रमांक, रेडिओचा मॅक पत्ता, मोजणी अंक हे सगळं त्याच क्षणी बदलावं लागतं. मोजणी अंक ४१ नंतर ४२ असाच पुढे चालू राहिला, तर नाव बदलूनही गाडी ओळखू येते. या आखणीतली मला आवडलेली गोष्ट म्हणजे कोणत्याही एका कार्यालयाला पूर्ण माहिती मिळत नाही. सर्टिफिकेट देणाऱ्याला गाडी कोणती ते कळत नाही. गाडी ओळखणाऱ्याला सर्टिफिकेटातला मजकूर दिसत नाही. सगळी टोपणनावं एकाच गाडीची आहेत हे जोडणारी माहितीसुद्धा दोन वेगळ्या संस्थांत वाटलेली असते. गाडी गैरवर्तन करताना सापडली तरच ती एकत्र येते, आणि मग रद्द यादीतल्या एका नोंदीने तिची पुढची सगळी सर्टिफिकेटं बाद होतात.

पण खासगीपणासाठी दिलेली हीच २० सर्टिफिकेटं आठवडाभर एकाच वेळी वैध असतात. त्यांच्या किल्ल्या कोणी चिपमधून बाहेर काढल्या, तर एक माणूस हवेत २० गाड्या उभ्या करू शकतो आणि त्या सगळ्यांच्या सह्या खऱ्या ठरतील. याला सिबिल हल्ला म्हणतात. खासगीपणा वाढवला की हा धोका वाढतो, धोका कमी करायला गेलं की खासगीपणा घटतो. मानकं वाचताना प्रत्येक आकड्यामागे ही ओढाताण शोधा.

पायरी ५: एका गाडीला खोटं बोलायला लावा

इथून पुढे सगळं सिम्युलेटरमध्ये. खऱ्या रस्त्यावर, खऱ्या पट्ट्यात, काहीही प्रसारित करायचं नाही. भारतात परवानगीशिवाय जॅमर, म्हणजे रेडिओ सिग्नल दाबून टाकणारं यंत्र, बाळगणं आणि वापरणं बेकायदा आहे. खोटे जीपीएस सिग्नल हवेत सोडणं हाही तसाच गंभीर प्रकार, त्यात आजूबाजूच्या अनोळखी लोकांचे जीव टांगणीला लागतात. प्रोजेक्टसाठी 'लाइव्ह डेमो' हवाच असं कोणी म्हटलं, तरी नाही म्हणा.

तीन मोफत गोष्टी लागतात: जर्मनीच्या डीएलआर संस्थेचं सुमो, ते रस्ते आणि वाहतूक चालवतं, ऑम्नेट प्लस प्लस, ते नेटवर्क चालवतं, आणि या दोघांना जोडणारं व्हेइन्स. बसवताना कोणत्या आवृत्तीला कोणती आवृत्ती चालते ते व्हेइन्सच्या पानावर आधी पाहा, कारण नव्या माणसाचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. लिनक्सची सवय नसेल तर त्यांचं तयार व्हर्च्युअल मशीन घ्या.

व्हेइन्ससोबत जर्मनीतल्या एर्लांगेन शहराचं उदाहरण तयार येतं. त्यात ७३व्या सेकंदाला पहिली गाडी ५० सेकंदांसाठी थांबते, जणू अपघात झाला. दहा सेकंद जागची हलली नाही की ती आपल्या रस्त्याचं नाव प्रसारित करते. हे ऐकणाऱ्या गाड्या त्या रस्त्याला ९९९९ सेकंद लागतील असं धरून दुसरी वाट पकडतात. ऐकणाऱ्या गाडीचा कोड उघडून पाहा: पाठवणारा कोण, तो खरंच तिथे आहे का, थांबला आहे का, यातलं काहीही तपासलेलं नाही. नेटवर्क शिकवण्यासाठीच्या उदाहरणात ते ठीक आहे, आणि आपल्याला तर ही आयती प्रयोगशाळा मिळाली.

एका गाडीसाठी 'वेग जवळपास शून्य असेल तरच' ही अट काढून टाका. आता ती भरधाव जाता जाता 'रस्ता बंद' असं ओरडेल. सिम्युलेशन चालवा आणि मोकळा रस्ता सोडून बाकीच्या गाड्या लांबच्या वाटेने जाताना पाहा. आधीचा आणि नंतरचा सरासरी प्रवासवेळ नोंदवून ठेवा. एका खोट्या संदेशाची किंमत तुमच्यासमोर आकड्यांत असेल.

मग स्वतःला विचारा: तिसऱ्या पायरीतली सही इथे बसवली असती तर हा हल्ला थांबला असता का? बाहेरच्या माणसाचा थांबला असता. आपल्या खोटारड्या गाडीकडे मात्र वैध सर्टिफिकेट आहे, तिची सही पास होईल. टपालाचा शिक्का अस्सल असला म्हणून पत्रातला मजकूर खरा ठरत नाही, तशातली ही गोष्ट. आणि गाडी खोटं बोलायला हल्लेखोरच लागतो असंही नाही. तिच्या जीपीएसला कोणी फसवलं किंवा सेन्सर बिघडला, तर ती प्रामाणिकपणे, खऱ्या सहीने, चुकीची जागा सांगत राहील.

पायरी ६: मजकूर खरा वाटतो का, ते तपासणारा कोड लिहा

या कामाला मिसबिहेविअर डिटेक्शन म्हणतात. सुरुवात साध्या गणिताने करा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.६७ मीटर. दोन संदेशांमध्ये ०.१ सेकंदाचं अंतर, म्हणजे गाडी सुमारे १.६७ मीटर सरकायला हवी. संदेशात ती २५ मीटर सरकलेली दिसली तर काहीतरी गडबड आहे. ३ मीटर सरकली तर? जीपीएसची चूक तेवढी असू शकते. मर्यादा कुठे आखायची, याचं एकच बरोबर उत्तर नाही. घट्ट आखलीत तर खऱ्या गाड्यांवर आळ येतो, सैल सोडलीत तर खोटे निसटतात.

सरावासाठी वेरेमी हा मोफत डेटासेट घ्या. जर्मनीतल्या उल्म विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये तो लक्झेम्बर्ग शहराच्या सिम्युलेशनवरून बनवला. त्यात २२५ सिम्युलेशनं आहेत. प्रत्येक गाडीला काय ऐकू आलं याची नोंद वेगळी मिळते, आणि खरं काय होतं ते वेगळ्या फाईलमध्ये. खोटं बोलण्याच्या पाच तऱ्हा आहेत: एकच ठरलेली जागा सांगत राहणं, खऱ्या जागेत ठरावीक फरक मिसळणं, मनाला येईल ती जागा सांगणं, खऱ्या जागेत मनाला येईल तेवढा फरक मिसळणं, आणि काही वेळ नीट चालून मग एकाएकी थांबल्याचं भासवणं.

दोन संदेशांमध्ये गाडीने अशक्य उडी मारली का, ही तुमची तपासणी यांच्यावर चालवून पाहा. मनाला येईल ती जागा सांगणारा लगेच पकडला जाईल. एकाच जागेवर राहून ताशी ६० चा वेग सांगणाराही. दुसरा प्रकार मात्र हसत हसत निसटेल. त्यात खोटी जागा खऱ्या जागेपासून कायम २५० मीटर एका बाजूला आणि १५० मीटर दुसऱ्या बाजूला सरकवलेली असते. वेग खरा, दिशा खरी, दोन संदेशांमधलं अंतरही अगदी बरोबर. संदेश एकमेकांशी पडताळले तर दोष दिसत नाही, कारण खोटं सगळ्यांत सारखंच मिसळलेलं आहे.

त्याला पकडायला बाहेरचा पुरावा लागतो. सिग्नलची ताकद पाहा: ३०० मीटरवर असल्याचं सांगणाऱ्या गाडीचा सिग्नल २० मीटरवरून यावा इतका जोरकस का आहे? नकाशा पाहा: सांगितलेल्या जागी रस्ता आहे, की इमारत की नदी? शेजारी पाहा: त्या जागेवरून नुकत्याच गेलेल्या दुसऱ्या गाडीला तिथे कोणी भेटलं का? स्वतःचं रडार पाहा: समोर गाडी असायला हवी, दिसते का? यातला एकही पुरावा एकटा पुरेसा नाही. सिग्नलची ताकद मधल्या ट्रकमुळेही पडते, रडारला वळणापलीकडचं दिसत नाही. तीन-चार कच्चे पुरावे जोडून निर्णय घ्यायला शिकणं हीच या पायरीची खरी कमाई आहे. मशीन लर्निंगचं मॉडेल लगेच चढवायचा मोह होईल. आधी हाताने लिहिलेल्या नियमांचा निकाल कागदावर मांडा, नाहीतर मॉडेल नेमकं काय शिकलं ते तुम्हालाच सांगता येणार नाही.

आता पाचव्या पायरीतल्या एर्लांगेनमध्ये परत जा. गाड्यांचे बीकन, म्हणजे जागा आणि वेग सांगणारे नेहमीचे संदेश, चालू करा, आणि 'रस्ता बंद' ऐकल्यावर पाठवणाऱ्या गाडीचा अलीकडचा वेग पाहणारी अट घाला. प्रवासवेळ पुन्हा मोजा.

पायरी ७: नियमांशी ओळख

नोकरीसाठी ही ओळख लागतेच. संयुक्त राष्ट्रांचा आर१५५ हा वाहन सायबरसुरक्षा नियम जानेवारी २०२१ पासून अमलात आला. युरोपात जुलै २०२२ पासून नव्या मॉडेलना आणि जुलै २०२४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना तो लागू झाला. त्याचं पाचवं परिशिष्ट जरूर वाचा. धोक्यांच्या त्या यादीत तोतया संदेश आणि सिबिल हल्ला दोन्ही नावानिशी आहेत. कंपनीत रोजच्या कामात आयएसओ/एसएई २१४३४ हे २०२१ चं मानक भेटतं. आपल्याकडे सायबरसुरक्षेसाठी एआयएस-१८९ आणि सॉफ्टवेअर अपडेटसाठी एआयएस-१९० आहे. ही एआयएस मानकं पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या संकेतस्थळावर मिळतात. आणि ज्या पुण्यात ही मानकं छापली जातात, तिथेच गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपन्याही दाटीने आहेत, तेव्हा महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला हे काम लांबचं नाही.

मानक नुसतं वाचून डोक्यात राहत नाही. ट्रकपलीकडच्या ब्रेकचा इशारा हे एकच कार्य घ्या आणि एका पानावर लिहा: काय जपायचं आहे, ते बिघडलं तर माणसाला काय इजा होईल, ते कोण आणि कोणत्या वाटेने बिघडवेल, त्याला किती ज्ञान, वेळ आणि साधनं लागतील. जॅमिंगही विसरू नका. त्यावर सही, सर्टिफिकेट काहीच चालत नाही. म्हणून संदेश आला नाही याचा अर्थ 'पुढे रस्ता मोकळा आहे' असा गाडीने कधीही घेऊ नये, ही अट तुमच्या पानावर आलीच पाहिजे.

पुढे काय: एक न सुटलेला प्रश्न

पुरेसा मोठा क्वांटम संगणक आला तर पी-२५६ ची सही मोडेल, आणि आज विकलेली गाडी पंधरा-वीस वर्षं रस्त्यावर राहते. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये एमएल-डीएसए ही नवी सही प्रमाणित केली. तिची सगळ्यात छोटी सही २४२० बाइटची आहे, तर ८०२.११पी च्या एका फ्रेममध्ये, म्हणजे रेडिओवरून एका वेळी जाणाऱ्या पाकिटात, जेमतेम २३०४ बाइट मावतात. फाल्कन नावाच्या दुसऱ्या पद्धतीची सही ६६६ बाइटच्या आसपास, म्हणजे फ्रेममध्ये बसते. मग भागलं का?

हिशेब करून पाहा. ३०० बाइटचा संदेश ६ मेगाबिटच्या वेगाने पाठवायला ०.४ मिलिसेकंद लागतात. १०० गाड्यांचे १००० संदेश सेकंदातले ०.४ सेकंद हवा अडवतात. ६४ बाइटच्या जागी ६६६ आले की संदेश ९०२ बाइटचा होतो, १.२ मिलिसेकंद खातो, आणि तेच १००० संदेश एका सेकंदात बसतच नाहीत. संदेश कमी पाठवायचे, सही दोन-तीन तुकड्यांत पाठवायची, की काही संदेशांनाच मोठी सही लावायची, यावर संशोधन चालू आहे. व्हेइन्समध्ये संदेशाची लांबी ही एक साधी संख्या आहे. ती ३०० वरून ९०२ करा, गाड्यांची संख्या हळूहळू वाढवत न्या, आणि ब्रेकचा संदेश नेमका कितव्या गाडीपासून उशिरा पोचायला लागतो त्याचा आलेख काढा.